कपाटातील फ्लॉपी आणि कार्यालयाची स्मृती

कार्यालयाचे स्थलांतर, इमारतीची रंगरंगोटी, वार्षिक तपासणी किंवा अभिलेख वर्गीकरणाची मोहीम अशा एखाद्या निमित्ताने वर्षानुवर्षे न उघडलेली कपाटे उघडली जातात. रुमालात बांधलेल्या संचिका आणि जीर्ण नोंदवह्या यांच्यामागे कधी एखादा प्लॅस्टिकचा डबा हाती लागतो. त्यात चपट्या, चौकोनी फ्लॉपी असतात, चुंबकीय फितींच्या कॅसेटी असतात, ओरखडे पडलेल्या सीडी असतात. त्यांवरील चिठ्ठीवर फिकट झालेल्या शाईत ‘अंतिम यादी’ किंवा ‘वेतन – जुने’ एवढेच शब्द वाचता येतात. ते शब्द लिहिणारा कर्मचारी सेवानिवृत्त झालेला असतो आणि ज्या संगणकावर ते काम झाले, त्याचे निर्लेखन होऊन गेलेले असते. या डब्याचे करावयाचे काय, असा प्रश्न क्षणभर उभा राहतो आणि बहुधा तो डबा पुन्हा कपाटात तरी जातो किंवा रद्दीत तरी.

हे दोन्ही निर्णय सारखेच घातक ठरू शकतात. रद्दीत गेलेली माहिती तत्काळ नष्ट होते, तर कपाटात परत गेलेली माहिती हळूहळू आणि कोणाच्याही नकळत नष्ट होते. एखाद्या कर्मचाऱ्याच्या सेवाकाळातील वेतनाचा तपशील, एखाद्या योजनेतील लाभार्थ्यांची मूळ यादी किंवा शाळेचा जुना निकाल त्या डब्यात असेल, तर त्याची किंमत आज कपाट आवरणाऱ्याला नव्हे, तर उद्या दाखल्यासाठी दारात येणाऱ्या नागरिकाला मोजावी लागेल. म्हणूनच संगणकीय साठवणुकीची ही कालबाह्य साधने कोणती, ती मुकी का होतात आणि ती सापडल्यावर कोणती काळजी घ्यावी, याची माहिती प्रत्येक कार्यालयाला असणे अगत्याचे आहे.

साधनांची वाटचाल

यंत्राला वाचता येईल अशा रीतीने माहिती साठविण्याची कल्पना संगणकाहूनही जुनी आहे. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांनी छिद्रे पाडलेल्या पत्रांचा उपयोग केला. पुढे संगणक आले तेव्हा हीच छिद्रपत्रे त्यांचे खाद्य बनली. १९५१ मध्ये ‘युनिव्हॅक’ या संगणकासोबत चुंबकीय फीत वापरात आली. १९७१ मध्ये आयबीएम कंपनीने ८ इंची फ्लॉपी बाजारात आणली. १९७६ मध्ये सव्वापाच इंची आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी सोनी कंपनीची साडेतीन इंची फ्लॉपी आली. पुढे सर्वत्र रूढ झालेल्या साडेतीन इंची फ्लॉपीची क्षमता १.४४ मेगाबाइट होती. आजच्या मोबाइल फोनवर काढलेले एक छायाचित्रही तीत सहसा मावणार नाही. परंतु केवळ अक्षरे आणि आकडे साठवावयाचे असतील, तर संपूर्ण गावाची यादी तीत सहज सामावत असे.

भारतात १९७६ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची स्थापना झाली आणि पुढील दशकात या केंद्राच्या जाळ्यामार्फत शासकीय संगणक जिल्हा मुख्यालयांपर्यंत पोहोचले. त्या काळात एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात माहिती पाठविण्याचा एक मार्ग म्हणजे लखोट्यात घातलेली फ्लॉपी हा होता. त्यानंतर सीडी, पेन ड्राइव्ह आणि मग इंटरनेट आले. सोनी कंपनीने जपानमधील फ्लॉपीची विक्री २०११ मध्ये थांबविली. नव्या संगणकांतून फ्लॉपीची खाच तर केव्हाच नाहीशी झाली होती. सीडीची खाचही आता बहुतेक यंत्रांत दिसत नाही.

या वाटचालीतून एक गोष्ट ध्यानात येते. कागद वाचण्यास डोळे आणि अक्षरओळख पुरेशी असते. संगणकीय साधनाचे तसे नाही. तेथे चार गोष्टी एकाच वेळी शाबूत असाव्या लागतात : प्रत्यक्ष साधन, ते वाचणारे यंत्र, माहितीचा अर्थ लावणारी प्रणाली आणि त्यातील अक्षरांचा संकेत. या चारांपैकी एक जरी निखळली, तरी उरलेल्या तिन्हींचा उपयोग राहत नाही.

दोन डोम्सडे, दोन गती

या सत्याचा सर्वांत बोलका दाखला इंग्लंडमध्ये मिळाला. राजा पहिला विल्यम याच्या आज्ञेवरून १०८६ मध्ये इंग्लंडमधील जमिनी, जनावरे आणि महसूल यांची एक प्रचंड नोंद करण्यात आली. ‘डोम्सडे बुक’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. चर्मपत्रावर लॅटिन भाषेत लिहिलेली ही नोंद लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आजही सुरक्षित असून जाणकारांना ती वाचता येते.

या नोंदीस ९०० वर्षे पूर्ण होत असल्याचे निमित्त साधून बीबीसी या संस्थेने १९८६ मध्ये एक नवे ‘डोम्सडे’ तयार केले. हजारो शाळांतील विद्यार्थ्यांनी आपापल्या परिसराची माहिती, छायाचित्रे आणि दैनंदिन जीवनाची वर्णने गोळा केली. दहा लाखांहून अधिक लोकांचा या कामी हातभार लागला. ही सारी सामग्री त्या काळच्या अत्याधुनिक अशा लेसर तबकड्यांवर साठविण्यात आली. मात्र त्या वाचण्यासाठी विशिष्ट संगणक आणि विशिष्ट तबकडीवाचक यांची जोडी लागत असे. हा संच महाग असल्याने फार थोड्या शाळांना तो घेता आला. ज्या मुलांनी माहिती लिहिली, त्यांतील अनेकांना ती पडद्यावर पाहावयासही मिळाली नाही.

अवघ्या सोळा वर्षांत, म्हणजे २००२ पर्यंत, हा संच इतका दुर्मिळ झाला की ही सारी माहिती कायमची हातची जाते की काय, अशी भीती निर्माण झाली. अखेर लीड्स आणि मिशिगन येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी, नव्या संगणकाला जुन्या संगणकाप्रमाणे वागावयास लावणारी प्रणाली रचून ती माहिती पुन्हा दृश्यमान केली. २०११ मध्ये त्यातील काही भाग बीबीसीने संकेतस्थळावर खुला केला. ते संकेतस्थळही २०१८ मध्ये बंद झाले आणि त्याची प्रत राष्ट्रीय अभिलेखागाराने जतन केली. नऊशे वर्षांपूर्वीच्या चर्मपत्राला जे साधले, ते साधण्यासाठी सोळा वर्षांच्या तबकडीला दोन विद्यापीठांचे साहाय्य घ्यावे लागले. दोष तबकडीचा नव्हता. ती वाचणारे यंत्र आपल्या आधी संपेल, हा विचार वेळीच झाला नव्हता.

नियमाने जगविलेली फ्लॉपी

साधन नाहीसे झाल्याने माहिती अडकते, हा झाला एक प्रकार. याच्या उलट, केवळ नियमात नाव असल्यामुळे साधनच चिकटून राहते, असाही प्रकार घडतो. त्याचे उदाहरण तंत्रज्ञानात अग्रेसर समजल्या जाणाऱ्या जपानचे आहे. शासनाकडे अर्ज किंवा विवरणे सादर करताना ती फ्लॉपी, सीडी अशा ठरावीक साधनांवरच द्यावीत, असे तेथील अनेक नियमांत नमूद होते. तत्कालीन डिजिटल व्यवहार मंत्री तारो कोनो यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये या पद्धतीविरुद्ध जाहीर मोहीम उघडली, तेव्हा अशा सुमारे १,९०० कार्यपद्धती असल्याचे पुढे आले. जून २०२४ पर्यंत फ्लॉपीच्या वापराविषयीच्या १,०३४ तरतुदी रद्द करण्यात आल्या. वाहनांच्या पुनर्चक्रीकरणाशी संबंधित केवळ एक तरतूद त्या वेळी शिल्लक राहिली होती. कारखान्यात फ्लॉपीचे उत्पादन थांबले, तरी नियमाच्या पुस्तकात ती जिवंत होती.

आपल्याकडील एक तरतूद या संदर्भात अभ्यासण्याजोगी आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये नागरिकाला डिस्केट, फ्लॉपी, फिती, व्हिडिओ कॅसेट यांच्या स्वरूपात माहिती मिळविण्याचा हक्क देण्यात आला आहे. केंद्राच्या २०१२ च्या नियमांत तर एका फ्लॉपीसाठी ५० रुपये शुल्कही ठरवून दिलेले आहे. परंतु अधिनियमाच्या त्याच कलमात ‘अन्य कोणत्याही इलेक्ट्रॉनिक रीतीने’ अशा आशयाचे शब्द आहेत. या चार शब्दांमुळेच फ्लॉपी गेल्यानंतरही हक्क अबाधित राहिला. परिपत्रक किंवा ठराव लिहिणाऱ्या प्रत्येकाने यातून घ्यावयाचा बोध असा की, नियमात प्रयोजन लिहावे. उपकरणाचे नाव लिहावेच लागले, तर पर्यायाला जागा ठेवावी.

जुने तेवढे टाकाऊ, असाही याचा अर्थ नव्हे. अमेरिकेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने मे २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तेथील अण्वस्त्र दलांच्या समन्वयाची एक यंत्रणा १९७० च्या दशकातील संगणकावर आणि ८ इंची फ्लॉपींवर चालत असल्याचे नमूद होते. ती यंत्रणा काम देत होती आणि बाहेरच्या जाळ्याशी जोडलेली नसल्याने दुरून तीत शिरकाव करणेही अवघड होते. तथापि सुटे भाग आणि दुरुस्तीचे ज्ञान असलेली माणसे यांची टंचाई वाढत जाते, तेव्हा अशी यंत्रणा कितीही भरवशाची असली तरी तिला मुदत असते. २०१९ मध्ये तेथील फ्लॉपींच्या जागी नवे साठवण साधन आले. मुदत संपण्यापूर्वी बदल करणे, हेच महत्त्वाचे.

मोडीचा धडा

मराठी वाचकांना ही समस्या वेगळ्या रूपात परिचित आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तराचे हजारो रुमाल मोडी लिपीत आहेत. कागद टिकला, शाई टिकली. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी सरकारी व्यवहारातून मागे पडली आणि वाचणारे विरळ झाले. जमिनीच्या किंवा वंशावळीच्या जुन्या कागदासाठी आजही मोडी जाणणाऱ्याचा शोध घ्यावा लागतो. तरीही मोडी एका माणसाला दुसऱ्या माणसाकडून शिकता येते आणि तिचे प्रशिक्षणवर्गही चालतात. फ्लॉपीवरील चुंबकीय खुणा मात्र कितीही प्रशिक्षण घेतले, तरी डोळ्यांनी वाचता येणार नाहीत.

त्यातही मराठी मजकुराची अडचण दुहेरी आहे. भारतीय लिप्यांसाठीचा ‘इस्की’ हा प्रमाण संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारण्यात आला आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. असे असूनही पुढील अनेक वर्षे कार्यालयांत आणि छापखान्यांत निरनिराळ्या कंपन्यांचे फाँट वापरले गेले. या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत. तो विशिष्ट फाँट संगणकात नसेल, तर धारिका उघडते, पण पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसते. अशी धारिका ‘खराब झाली’ म्हणून पुसून टाकली जाते. वस्तुतः ती खराब झालेली नसते. तिची लिपी ओळखणारा फाँट तेवढा हरवलेला असतो. योग्य परिवर्तक वापरला, तर तिचे युनिकोडमध्ये रूपांतर होऊ शकते. मात्र रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी यांत चुका राहण्याचा संभव असल्याने, विशेषतः व्यक्तींची आणि गावांची नावे माणसाने डोळ्यांखालून घालणे आवश्यक असते.

साधन सापडल्यावर

फ्लॉपी, फीत किंवा सीडी हाती आल्यावर ती लगेच एखाद्या यंत्रात घालून पाहण्याचा मोह टाळावा. प्रथम तिची नोंद करावी. कोणत्या कपाटात, कोणत्या संचिकेसोबत सापडली, वरील चिठ्ठीवर काय लिहिले आहे आणि किती नग आहेत, हे सारे लिहून ठेवावे व छायाचित्र घ्यावे. सोबतची संचिका हाच पुष्कळदा त्या साधनाचा एकमेव साक्षीदार असतो. शक्य असल्यास सेवानिवृत्त कर्मचाऱ्यास विचारावे. कोणत्या प्रणालीत काम केले होते, हे त्यांच्या स्मरणात असण्याची शक्यता असते. वर्डस्टार, लोटस किंवा डीबेस एवढे नाव कळले, तरी पुढील काम निम्मे होते.

त्यानंतर साधनाची बाह्य स्थिती पाहावी. फ्लॉपी म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा थर दिलेली पातळ प्लॅस्टिकची चकती असते. कोकणासारख्या दमट हवेत तिच्यावर बुरशीचे पांढरट ठिपके पडतात. अशी फ्लॉपी यंत्रात घातली, तर तिचा थर खरवडला जातो, वाचक शीर्ष मळते आणि त्यानंतर घातलेली चांगली फ्लॉपीही खराब होते. बुरशी दिसल्यास ते साधन वेगळे ठेवून जाणकाराकडेच द्यावे. लोहचुंबक, ध्वनिक्षेपक, ऊन आणि ओल यांपासून सर्वच चुंबकीय साधने दूर ठेवावीत.

वाचण्यापूर्वी लेखनबंदी करणे ही तिसरी दक्षता होय. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातील सरकपट्टी सरकवून लहान खिडकी उघडी केली, म्हणजे तिच्यावर नवे काही लिहिले जात नाही. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या बाबतीत कडेची खाच चिकटपट्टीने झाकावी लागते. साडेतीन इंची फ्लॉपी वाचणारी, यूएसबीला जोडता येणारी यंत्रे उपलब्ध आहेत. सव्वापाच इंचीसाठी मात्र जुना संगणक किंवा विशेष उपकरण लागते. वाचताना ‘फॉरमॅट करावयाचे काय?’ असा प्रश्न पडद्यावर उमटल्यास उत्तर नेहमी नकारार्थीच द्यावे. त्या एका होकाराने उरलीसुरली माहितीही हाती येण्याची आशा मावळते.

वाचता आलेल्या सामग्रीची प्रथम जशीच्या तशी प्रत घ्यावी आणि मूळ साधन बाजूला ठेवावे. रूपांतराचे काम प्रतीवर करावे, मुळावर नव्हे. रूपांतर केल्यावर धारिकांची संख्या आणि नमुन्यादाखल काही नोंदी पडताळून पाहाव्यात. प्रत बदललेली नाही, हे सिद्ध करणारे ‘हॅश मूल्य’ संगणक क्षणार्धात काढून देतो. तेही नोंदवहीत लिहावे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील इलेक्ट्रॉनिक अभिलेखाच्या प्रमाणपत्रातही या मूल्याचा उल्लेख करावयाचा असतो. एक प्रत कार्यालयात, तर दुसरी अन्य इमारतीत असावी. नवी साधनेही अमर नाहीत. सीडीवरील रंगद्रव्य प्रकाशाने फिकट होते आणि दीर्घकाळ वीज न मिळाल्यास पेन ड्राइव्हमधील माहितीही पुसली जाऊ शकते. म्हणून ठरावीक मुदतीने प्रत उघडून पाहणे आणि नव्या साधनावर नेणे, हा कामाचा नियमित भाग समजला पाहिजे.

नष्ट करण्याचा अधिकार

कार्यालयातील सहा गठ्ठे पद्धतीत अभिलेख कक्षात पाठवावयाच्या आणि नष्ट करावयाच्या कागदांसाठी स्वतंत्र गठ्ठे असतात. फ्लॉपी मात्र कोणत्याच गठ्ठ्यात बसत नाही, म्हणून ती डब्यात राहते. वास्तविक अ, ब, क, ड ही वर्गवारी कागदाची नसून त्यावरील मजकुराची असते. मजकूर ‘अ’ वर्गातील, म्हणजे कायम जतन करावयाचा असेल, तर तो रुमालात आहे की फ्लॉपीवर, याने फरक पडत नाही. केंद्राच्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ मध्ये संगणकाने निर्माण केलेल्या सामग्रीचा सार्वजनिक अभिलेखात स्पष्ट समावेश आहे आणि राज्यातही २००५ चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या सातव्या कलमानुसार, इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जतन केलेली माहिती पुढे संदर्भासाठी वापरता येईल अशा रीतीने उपलब्ध राहिली पाहिजे. थोडक्यात, केवळ ठेवणे म्हणजे जतन नव्हे. गरजेच्या वेळी वाचता येणे म्हणजे जतन.

घाईने केलेल्या पुनर्वापराची किंमत किती मोठी असते, हे अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेच्या अनुभवावरून दिसते. माणसाने चंद्रावर पहिले पाऊल ठेवले त्या १९६९ मधील अपोलो-११ मोहिमेच्या मूळ संदेशफिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष २००९ मध्ये जाहीर करावा लागला. दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणाच्या प्रती अन्यत्र होत्या, म्हणूनच ती दृश्ये जगाकडे राहिली.

जुन्या संगणकाचे निर्लेखन करतानाही हीच दृष्टी हवी. हार्ड डिस्कमध्ये काय आहे हे पाहिल्याशिवाय आणि आवश्यक माहिती उतरवून घेतल्याशिवाय तो लिलावात काढू नये. उलटपक्षी, नागरिकांची खासगी माहिती असलेली डिस्क तशीच भंगारात जाऊ देणेही तितकेच चुकीचे आहे. धारिका ‘डिलीट’ केल्याने ती प्रत्यक्षात पुसली जात नाही. सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीनंतर डिस्कवरील माहिती पूर्णतः नाहीशी करावी आणि यंत्र ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडेच सोपवावे.

या साऱ्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. कार्यभार सोपविताना कपाटाच्या किल्ल्या आणि जडसंग्रह नोंदवही यांच्याबरोबरच संगणकीय साधनांची यादी, वापरलेली प्रणाली, फाँट आणि संकेतशब्द यांची नोंद द्यावी, एवढी प्रथा जरी पडली, तरी पुढील पिढीचे बरेचसे श्रम वाचतील. ग्रामपंचायतीत आणि शाळेत एक माणूस बदलला की सारी माहिती त्याच्याबरोबर जाते, हा अनुभव नवा नाही. फ्लॉपीच्या डब्यावर ‘अंतिम यादी’ असे लिहिणाऱ्याने कोणत्या योजनेची, कोणत्या वर्षाची आणि कोणत्या प्रणालीतील, एवढे तीन शब्द अधिक लिहिले असते, तर आज तो डबा कोडे ठरला नसता. आज पेन ड्राइव्हवर किंवा दूरच्या सर्व्हरवर माहिती ठेवणाऱ्या प्रत्येकाने ते तीन शब्द लिहून ठेवावेत. वीस वर्षांनंतर एखादे कपाट पुन्हा उघडेल, तेव्हा दाखल्यासाठी दारात उभ्या असलेल्या नागरिकाला रिकाम्या हाती परतावे लागणार नाही.